कपाशीचं एक फूल, जलरंगात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वर्ध्याकडचे, कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यातले. दर रविवारी सकाळी आमच्या घरच्या छपरीत सात-आठ जण चित्रं काढायला बसतात. शाळेतली मुलं असतात, निंदणाला जाणाऱ्या दोन-तीन मावशा असतात, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका असतात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमचा विषय एकच: पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं फूल, आहे तेवढ्याच आकाराचं, बारीक तपशिलांसह, जलरंगात. इथले प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. काही बाहेरगावच्या लोकांनी फोनवर विचारले. सगळ्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

गुलाब, कमळ, जास्वंद एवढी फुलं असताना कपाशीचंच का?

कारण ते आपल्याकडे सगळीकडे आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. झाडाला पात्या (फुलाच्या कळ्या) किती लागल्या, बोंडं किती धरली, गळ किती झाली, हे घरातलं लहान पोरही सांगतं. फुलाला पाकळ्या किती, असं विचारलं की मात्र सगळे गप्प होतात. पाकळ्या पाच असतात. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही सगळी एका कुळातली. पाच पाकळ्या आणि मधोमध एक दांडा, त्या दांड्यावर चारी बाजूंनी चिकटलेले पुंकेसर, ही या कुळाची ठेवण. जास्वंदीत तो दांडा लांब बाहेर येतो, कपाशीत तो पाकळ्यांच्या पेल्याच्या आत राहतो. वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

मला स्वतःला धरून ठेवणारी गोष्ट आणखी एक आहे. ज्या दिवशी फूल उमलतं, त्याच दिवशी आत बीजांडांवर कापसाचे तंतू फुटायला लागतात. आपण दसऱ्या-दिवाळीला जे वेचतो त्याची सुरुवात त्या फिकट पिवळ्या फुलाच्या बुडाशी, त्या एका सकाळी होते. हे कळल्यापासून मी वावरात फुलाजवळून नुसती निघून जाऊ शकत नाही.

फूल तर एका दिवसाचं. मग इतके दिवस चित्र कसं चालतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरी अडचणही हीच.

आपल्याकडची बहुतेक कपाशी अमेरिकन वाणाची आहे. तिचं फूल सकाळी ऊन चढता चढता उमलतं तेव्हा सायीच्या रंगाचं असतं. दुपारनंतर कडांना गुलाबी झाक येते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी-लालसर होऊन मिटतं आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत पाकळ्यांचा गुंडाळा दांड्यासकट गळून पडतो. खाली इवलंसं बोंड उरतं. देशी कपाशी असेल तर फूल पिवळंधमक आणि आत बुडाशी गडद तांबडा-जांभळा ठिपका. म्हणजे रंग तुमच्यासाठी थांबणार नाही. फूल तोडून पाण्याच्या शिशीत ठेवलं तरी रंग बदलायचा तो बदलतोच.

म्हणून मी पहिल्या सकाळी चांगल्या कागदाला हातच लावत नाही. आदल्या संध्याकाळी वावरात जाऊन उद्याची कळी हेरून ठेवते. ती ओळखू येते: हिरव्या झालरीतून पाकळ्यांची पिळदार सुरळी मेणबत्तीसारखी लांब बाहेर आलेली असते. तिच्या देठाला दोरा बांधून ठेवायचा. सकाळी ते फूल पान आणि दोन बोटं फांदीसह कापून आणायचं, शिशीत उभं करायचं आणि मग साध्या कागदावर दोन तास तीन कामं करायची. पहिलं, रेखाटन. मापं कंपासपेटीतल्या कर्कटकाने थेट फुलावरून घ्यायची, कारण आपण फूल आहे त्याच आकाराचं काढतो. दुसरं, रंगांची पट्टी. फुलात दिसणारा प्रत्येक रंग कागदाच्या एका पट्टीवर मिसळून लावायचा, वाळला की ती पट्टी पाकळीशेजारी धरून जुळवायची आणि खाली कशात काय मिसळलं ते लिहून ठेवायचं. तिसरं, वेळ लिहायची. नऊ वाजताचा रंग आणि साडेअकराचा रंग एकाच चित्रात आला की फूल खोटं दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून दुसरं फूल, पण त्याच अवस्थेतलं आणि शक्यतो त्याच झाडावरचं. इथे एक गोष्ट सांभाळा. कपाशीच्या पाकळ्या एकमेकींवर फिरकीसारख्या चढलेल्या असतात, प्रत्येक पाकळीची एक कड वर आणि दुसरी कड शेजारणीच्या खाली. काही फुलांत ही फिरकी डावीकडे जाते, काहींत उजवीकडे. पहिल्या फुलाची फिरकी ज्या बाजूची, त्याच बाजूचं दुसरं फूल निवडा. हे मला उशिरा कळलं. माझ्या एका जुन्या चित्रात तीन पाकळ्या एका बाजूला फिरतात आणि दोन दुसऱ्या. चित्र बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी अडतं.

हळू म्हणजे किती हळू?

मला एका फुलाला, पान आणि झालर धरून, पंधरा ते वीस तास लागतात. एका बैठकीत पाऊण तास, फार तर एक तास. त्या तासात ब्रश कागदावर असतो तो वेळ वीस मिनिटांचाही नसेल. बाकीचा वेळ बघण्यात आणि रंग वाळण्याची वाट बघण्यात जातो. नव्या माणसाला वाटतं की हळू काढायचं म्हणजे ब्रश हळू फिरवायचा. तसं केलं तर ओल्या रंगाला मधेच काठ पडतो. रंग लावायचा तो सरळ, न थांबता. थांबायचं ते दोन थरांच्या मध्ये.

कागद कोणता घ्यावा?

जिथे पैसे वाचवायचे तिथे वाचवा, पण कागदात नको. साधा ड्रॉइंगचा कागद दुसऱ्या थराला फुगतो, तिसऱ्याला त्याची साल निघते. आपल्याला आठ-दहा पातळ थर द्यायचे आहेत. ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), शंभर टक्के कापसाचा कागद घ्या. दुकानात दोन पोत मिळतात, ‘कोल्ड प्रेस’ खरबरीत आणि ‘हॉट प्रेस’ गुळगुळीत. फुलांच्या बारीक कामाला हॉट प्रेस. खरबरीत कागदावर निसर्गदृश्य छान उठतं, पण पाकळीची शीर त्याच्या खड्ड्यांत तुटते. मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले तर एक तुकडा फार महाग पडत नाही. कपाशीच्या एका फुलाला वहीच्या पानाएवढा तुकडा पुरतो.

कापसाचा कागद म्हटलं की इथल्या मावशा हसतात आणि कागदावरून बोट फिरवून बघतात. खरंच कापूसच आहे तो. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंचा किंवा सुती चिंध्यांचा लगदा करून हा कागद बनतो. वर्ध्याला या कामाची ओळख जुनी आहे. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे सुरू केला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत, आणि मगनवाडीत हातकागदही बनायचा. १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय आजही आहे, मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

हातकागद जलरंगाला चालतो का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. कागदाला खळ, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, किती आहे त्यावर ते ठरतं. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फुगून वरच बसून राहिला तर चालेल. टाकल्याबरोबर शोषला गेला तर त्यावर शाई किंवा पेन्सिल वापरा, जलरंग नको.

या कागदांना जिलेटिनची खळ असते म्हणतात. शाकाहारी माणसाने काय करावं?

काही कागदांना असते, ती प्राण्यांपासूनच येते. बिनजिलेटिनचे कागदही मिळतात. घेण्याआधी विचारा आणि वेष्टनावर वाचा.

रंग किती लागतात?

चार. लिंबू पिवळा, पर्मनंट रोझ, फ्रेंच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. चोवीस वड्यांचा डबा घेतला तर त्यातल्या अठरा तुम्ही कधी उघडणार नाही. त्याच पैशात या चार चांगल्या ट्यूब येतात.

नावापेक्षा ट्यूबवरचा बारीक सांकेतिक क्रमांक बघा. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही. पर्मनंट रोझसाठी पीव्ही १९, अल्ट्रामरीनसाठी पीबी २९. पीआर ८३ हा अलिझरीन क्रिमझन दिसायला सुंदर असतो, पण उजेडात उडतो. दुसऱ्या दिवसाच्या गुलाबी फुलासाठी तो वापरण्याचा मोह होईल. तो टाळा.

तयार हिरवा घेऊ नका. कपाशीच्या पानाचा हिरवा अल्ट्रामरीन आणि लिंबू पिवळ्यातून येतो, त्यात बर्न्ट सिएना टोचला की तो वावरातला होतो. ट्यूबमधला हिरवा प्लॅस्टिकच्या खुर्चीसारखा दिसतो.

ब्रश?

गोल ब्रश, ६, ४ आणि १ नंबर. सिंथेटिक चालतात. ओला करून झटकल्यावर टोक सुईसारखं जुळलं पाहिजे, एवढीच परीक्षा. बारीक काम म्हणजे शून्य नंबरचा ब्रश, हा गैरसमज आहे. त्यात रंग राहत नाही, दर दोन रेघांना बुडवावा लागतो आणि रेघ कोरडी पडते. चांगल्या टोकाचा ४ नंबर जवळजवळ सगळं काम करतो.

मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि असे ब्रश विकणं गुन्हा आहे. आपल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप मारत फिरणारं ते जनावर आहे, त्याला फिरू द्या.

फिकं फूल पांढऱ्या कागदावर दिसणार कसं?

फूल रंगवून दिसत नाही, त्याच्या सावल्या रंगवून दिसतं. कपाशीच्या पाकळीवर जिथे ऊन थेट पडतं तिथे कागद कोरा सोडायचा. आपला पांढरा रंग म्हणजे तो कोरा कागद. एकदा तिथे रंग गेला की तो पांढरेपणा पुरता परत येत नाही, म्हणून पेन्सिलीच्या टप्प्यावरच ठरवून टाका की कोरं काय राहणार.

सावलीसाठी काळ्यात पाणी घालून केलेला राखाडी वापरू नका, पाकळी मळकट दिसते. अल्ट्रामरीन आणि पर्मनंट रोझ मिसळून जांभळा करा, त्यात कणभर पिवळा टाका. जो राखाडी येईल त्यात पाणी घालत जा, इतकं की थाळीत तो रंग आहे की नाही असा प्रश्न पडावा. हा राखाडी दोन पाकळ्या एकमेकींवर चढतात त्या खाचेत लावा, पेल्याच्या आत उतरत्या बाजूला लावा. पेल्याच्या बुडाशी पिवळा थोडा जास्त असतो, उजेड पाकळीतून आरपार येतो आणि तिथे सावलीसुद्धा उबदार दिसते. हे एकदा डोळ्यांना दिसलं की फूल कागदावरून उचलल्यासारखं वाटू लागतं.

मागे थोडं गडद हिरवं पान ठेवा. फुलाची फिकी कड त्या पानामुळे आपोआप उठते, बाहेरून रेघ ओढावी लागत नाही.

पहिल्या थरापासून शेवटपर्यंत क्रम कसा असतो?

साध्या कागदावरचं रेखाटन पक्कं झालं की ते चांगल्या कागदावर उतरवून घ्यायचं. खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद धरले की खालची रेघ दिसते. एच पेन्सिल, हलका हात. फिक्या रंगाखालून शिसं दिसतं, म्हणून रेघ जेमतेम दिसेल एवढी ठेवून बाकी मऊ रबराने टिपून घ्यायची.

मग एक पाकळी. फक्त एकच. तिच्यावर आधी नुसतं पाणी, कडेपर्यंत पण कडेबाहेर नाही. कागद तिरपा धरून बघा. पाणी साचलेलं चमकत असेल तर थांबा, ओल्या मातीसारखी मंद चकाकी आली की पातळ पिवळा बुडाकडून सोडा. तो स्वतः वर सरकतो आणि कडेजवळ विरून जातो. त्याला त्याचं काम करू द्या, ब्रशने ढवळू नका. लगेच शेजारची पाकळी घेऊ नका, नाहीतर दोघी एकमेकींत वाहतील. एक सोडून एक घ्या. पाच पाकळ्यांत दोन आधी, मग दोन, मग उरलेली एक.

वाळलं की नाही ते हाताच्या पालथ्या बाजूने बघा. कागद गार लागला तर आत ओल आहे, डोळ्यांना कोरडा दिसला तरी. बोटाच्या टोकाने बघू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं आणि पुढचा थर तिथे बसत नाही.

पहिले तीन थर चहाच्या पाण्यासारखे पातळ, पुढचे दुधासारखे, शेवटचे दोन-चार ठिकाणचे सायीसारखे. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे घाबरून गडद लावण्याची गरज नाही, पुन्हा एक थर देता येतो. पाकळीच्या शिरा पंख्यासारख्या बुडातून कडेकडे पसरतात. त्या रेघेसारख्या ओढू नका. दोन शिरांमधला उंचवटा असतो, त्याच्या एका बाजूला अगदी थोडी सावली द्या, शीर आपोआप दिसते. हे काम जवळजवळ कोरड्या ब्रशने, बारीक बारीक फटकाऱ्यांनी करायचं. ब्रश आधी फडक्यावर टिपून घ्या.

झालर शेवटी. फुलाखाली तीन मोठी हिरवी छदं असतात, कडेला लांब टोकदार दात. प्रत्येकाचे दात मोजा आणि तेवढेच काढा. अंदाजाने काढलेले दात करवतीसारखे एकसारखे येतात, खऱ्या छदाचे कधीच एकसारखे नसतात. मधला दात बहुधा सगळ्यात लांब असतो.

पानावर, देठावर, बोंडावर बारीक काळे ठिपके दिसतात. रोग आहे का? काढायचे का?

रोग नाही. त्या कपाशीच्या ग्रंथी आहेत, त्यांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, सरकीतही ते असतं. किडींपासून झाडाचं रक्षण करण्याचं काम त्याचं. काढायचे, जरूर काढायचे. ब्रशचं टोक सायीएवढ्या घट्ट रंगात बुडवून अगदी शेवटी टेकवा. ते विखुरलेले असतात, ओळीत नसतात. या ठिपक्यांवरून कळतं की काढणाऱ्याने झाड हातात घेऊन बघितलंय.

काही फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेलीच राहतात. ती काढली तर?

ती डोमकळी आहे. आत गुलाबी बोंडअळी असते आणि तिने पाकळ्या आतून बांधून टाकलेल्या असतात. दिसायला खरोखर सुंदर असते, त्यामुळे मुलं हटकून तीच आणतात. काढायची तर काढा, पण काम झालं की अळीसकट नष्ट करा, घरात किंवा धुऱ्यावर टाकून देऊ नका. आणि ज्याचं वावर आहे त्याला लगेच सांगा की डोमकळ्या दिसायला लागल्या. चित्रासाठी रोज सकाळी वाकून फुलं बघणाऱ्या माणसाला हे आधी दिसतं, एवढा उपयोग तर आपण त्याला द्यावा.

फवारणी झालेल्या वावरातून फूल आणलं तर चालेल का?

नाही. आधी मालकाला विचारा की शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली. ताज्या फवारणीचं झाड हाताळू नका. मुलांना तर अशा वावरात पाठवूच नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या शेजारचंच दुःख आहे. मी अंगणात कुंडीत चार झाडं वेगळी लावते, त्यांवर काहीही फवारत नाही.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट: ब्रशचं टोक जुळवायला तो ओठांत धरायची सवय अनेकांना असते. ती सोडा. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात, आणि ज्या हाताने फूल धरलं त्याच हाताने ब्रश धरलेला असतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात रंग लावता लावता वाळतो आणि पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही. काय करावं?

वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा थाळीतला रंगसुद्धा दोन मिनिटांत आटतो. त्या दिवसांत पहाटे साडेपाच ते आठ एवढीच वेळ. कूलर खोलीत असू द्या पण त्याचा झोत कागदावर नको, झोताने पाकळी एका बाजूने आधी वाळते आणि मधे काठ पडतो. पाण्याचा पहिला थर दोनदा द्या: एकदा देऊन मुरू द्या, मग पुन्हा. कागद आतपर्यंत ओला असला की वरचा रंग टिकून राहतो.

श्रावणात उलटं. तेव्हा दोन चित्रं शेजारी ठेवून आलटून पालटून काम करते. एकाचा थर वाळेपर्यंत दुसरं. चुलीजवळ किंवा दिव्याखाली धरून वाळवू नका, कागद वाकडा होतो आणि धूर बसतो तो वेगळाच. पोळा झाला की पाऊस भोळा होतो म्हणतात, तेव्हापासून दसऱ्यापर्यंतची सकाळ या कामाला वर्षातली सगळ्यात चांगली. फूलही तेव्हाच भरात असतं.

बोअरचं पाणी चालतं का?

आमच्या बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो. त्या पाण्यात अल्ट्रामरीन दाणेदार होतो आणि पातळ राखाडीत कण दिसतात. पावसाचं पाणी गाळून बाटलीत भरून ठेवा, नाहीतर गावातल्या आरओच्या कॅनचं घ्या. दोन भांडी हवीत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. दुसऱ्यात रंगाचा ब्रश कधीही बुडवू नका.

मोबाइलवरच्या फोटोवरून काढलं तर काय बिघडतं?

आकार आठवायला फोटो ठेवा. रंगासाठी नको. फिकट पिवळा मोबाइलला एकतर पांढरा दिसतो नाहीतर भडक, आणि सावलीतला जांभळट राखाडी तर तो गिळूनच टाकतो. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत पुढची पाकळी फुगते आणि मागची लहान होते. चार-पाच हात लांब उभं राहून, झूम करून घेतला तर आकार खरा येतो.

डाग पडला तर चित्र गेलं का?

बहुतेक वेळा नाही. ओल्या थरात जास्तीचा थेंब पडला की कोबीच्या पानासारखा करवती काठ उठतो. त्या क्षणी त्याला हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ ओलसर ब्रशने तो काठ हलके चोळून टिपकागदाने उचला. अल्ट्रामरीन बराच निघतो. पर्मनंट रोझ कागदात मुरतो, तो थोडाच निघेल. अशा डागाची मी पुष्कळदा पाकळीवरची घडी करून टाकते. खऱ्या पाकळीवर घड्या असतातच.

पुसून पुसून कागदाची लव उठली तर मात्र थांबा. तिथे पुढचा थर चिखलासारखा बसतो.

खुरपं धरून हात रखरखीत झालेत, वयाने थरथरतातही. जमेल का?

हा प्रश्न मावशांचा आणि पोस्टातल्या काकांचा. जमतं, मी बघितलंय. जी बाई वाळलेल्या बोंडाची टोकं न टोचू देता, पानाची काडी न येऊ देता कापूस बाहेर काढते, तिच्या तीन बोटांना मी काय शिकवणार? तिची चिमूट माझ्यापेक्षा नेमकी आहे. तिला फक्त जोर कमी करायला शिकावं लागतं. पहिल्या दोन रविवारी नुसत्या पाण्याने रेघा काढायच्या, जाड-बारीक, एवढंच.

थरथरीसाठी: कोपर टेबलावर टेकवा, डाव्या हाताची मूठ उजव्या मनगटाखाली ठेवा, आणि बारीक रेघ श्वास सोडताना ओढा. काकांची रेघ थोडी कापते. त्यांच्या छदांचे दात त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा जिवंत दिसतात.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला याचा उपयोग होतो का?

थेट नाही. तिथे ठरलेल्या वेळात चित्र पूर्ण करायचं असतं, तो सराव वेगळा करावा लागतो. पण ज्या मुलाने एक पावसाळाभर एक फूल बघितलं, त्याला स्थिरचित्रातल्या तांब्याची सावली कुठे पडते ते सांगावं लागत नाही.

घरचे म्हणतात, कामाच्या दिवसांत फुलं रंगवत काय बसलीस?

मलाही म्हणत. कामं बुडवून काढू नका, तसं मी कुणालाच सांगत नाही. सकाळचा एक तास पुरतो.

पण फूल नीट बघून काढणं हे रिकामटेकडं काम आहे, हे मी मान्य करणार नाही. जहांगीर बादशहा १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने तिथली शंभरावर फुलं काढली, असं बादशहाने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे इंग्रजांच्या काळात रंगय्या आणि गोविंदू या दक्षिणेतल्या चित्रकारांनी रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी झाडांची शेकडो चित्रं केली, आणि झाडं ओळखायला ती आजही उघडली जातात. ज्या झाडावर आपलं घर चालतं त्याचं एक खरं चित्र आपल्या हातचं घरात असावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या छपरीतल्या एका मुलीने कळी, पहिल्या दिवसाचं फूल, दुसऱ्या दिवसाचं गुलाबी फूल, बोंड आणि फुटलेला कापूस असं एकाच कागदावर काढलं. तिच्या बाबांनी ते चित्र हातात घेऊन उभ्या उभ्या दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, “हे फूल आपल्याच वावरातलं?”

चित्र टिकवायचं कसं?

पावसाळ्यात बुरशी आणि कसर या दोघांना कागदाची खळ आवडते. कोरा कागद आणि झालेली चित्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंगात डिंक असतो, काहींत मधही, त्यामुळे उघड्या थाळीला मुंग्या येतात. काम झालं की झाका.

फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवीच, चित्र काचेला चिकटता कामा नये. माझं एक चित्र तालुक्याच्या एका फ्रेमवाल्याने सगळीकडून डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवून दिलं. दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्याचे तांबूस डाग पुढे आले आणि चित्र सोडवताही येईना. तेव्हापासून मी समोर उभं राहून सांगते: वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या, बाकी मोकळं. आणि थेट ऊन येणाऱ्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

पऱ्हाटी उपटल्यावर काय काढायचं?

पळस. फाल्गुनात पानं झडलेली असतात आणि पूर्ण झाड केशरी होतं. पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना ठाऊक, पण फुलात एक पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना आणि पोपटाच्या चोचीसारखा बाक, हे हातात घेतल्यावर दिसतं. केशरी रंग थाळीत मिसळू नका. आधी पिवळा थर पूर्ण वाळू द्या, मग त्यावर पर्मनंट रोझचा पातळ थर, मग पुन्हा पिवळा. बाहेरून पाकळीवर चंदेरी लव असते, ती पहिल्या थरात जागा कोरी ठेवून येते. देठाकडची वाटी मखमली, काळपट तपकिरी. तिच्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकावर एक चार थर द्या, आणि प्रत्येक थर हाताच्या पालथ्या बाजूला कोमट लागेपर्यंत थांबा. फाल्गुनात तो पाच मिनिटांत लागतो.